झाडाच्या दोन्ही अंगांना

आमच्यात, बर्फाळ उत्तरेतल्या रेनडिअर पाळणाऱ्यांत, कुणाला तुमची जनावरं किती, असं विचारत नाहीत. ते दुसऱ्याच्या खिशात हात घालण्यासारखं आहे. एखाद्या नवख्याने विचारलंच, तर उत्तर ठरलेलं असतं, 'झाडाच्या दोन्ही अंगांना आहेत थोडी.' आता आमच्या गाल्बे डोंगरावर झाड औषधालाही सापडायचं नाही, तरी माझे बाबा आयुष्यभर हेच सांगत आले. करवाल्याला, पाद्र्याला, माझ्या आईला आणि मलाही. सरकारी कचेरीत दर वसंतात एक आकडा कळवावा लागतो, तो ते कळवत. त्या आकड्याचं डोंगरावरच्या जनावरांशी फार लांबचं नातं असतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे.

मला वाटायचं. मी किनाऱ्यावरच्या शहरात शाळेत गणित शिकवते. पोरांचा पाढा चुकला तर मी चालवून घेते, पण कुणी 'अंदाजे' म्हणालं की माझं डोकं फिरतं. आणि माझ्याच घरात बाप असा, की सगळा हिशोब झाडाच्या अंगांवर टाकून मोकळा. लहानपणापासून ह्यावरून आमची जुंपायची. आई मधे पडायची आणि म्हणायची, तुम्ही दोघं एकाच हट्टाची दोन टोकं आहात. आई गेली, मग मधे पडणारं कुणी उरलं नाही.

गेल्या शरदात मी ठरवलं, शहर पुरे झालं. बाबांचे गुडघे आता स्नोस्कूटरवरून उतरताना वाजतात, हे मला फोनवरसुद्धा कळत होतं, कारण उतरल्यावर त्यांना थोडा वेळ बोलता येत नसे. मी शाळेत राजीनामा दिला, उन्हाळ्यापासून कळप मी सांभाळणार असं सांगून टाकलं. माझी स्वतःची जनावरं बाबांच्या कळपात होतीच. मला पहिला दात आला तेव्हा बाबांनी एका पाडीच्या कानावर माझी खूण कापली होती, डाव्या कानाचं टोक उडवलेलं आणि उजव्याला मागून दोन खाचा. तिची पिल्लं माझी, त्या पिल्लांची पिल्लं माझी. मी शहरात खडूने हात पांढरे करत होते आणि ती बाबांच्या राखणीत वाढत होती. राजीनाम्याचं ऐकून बाबा फोनवर गप्पच झाले. मला वाटलं, आनंद झाला असेल.

त्याच सुमाराला वाऱ्याची कंपनी आली. गाल्बेच्या माथ्यावर त्यांना पवनचक्क्या उभ्या करायच्या होत्या. एक एक पवनचक्की चर्चच्या मनोऱ्यापेक्षा कितीतरी उंच, त्यांना जोडणारा रस्ता, विजेच्या तारा, आणि ती वीज खाली समुद्राकाठच्या नव्या कारखान्याला. कोळसा नाही, धूर नाही, तुमच्या बर्फाचंच भलं होईल, असं ते सांगत. खोटं नव्हतं ते. बाबांचं वाऱ्याशी कधीच वाकडं नव्हतं. त्यांच्या खोपटाशेजारी त्यांनी स्वतः उभारलेली एक छोटी पवनचक्की आहे, जुन्या गाडीच्या सुट्या भागांची. तिच्यावर त्यांचा फोन, दिवा आणि मांस गोठवायची पेटी चालते. जोराचा वारा सुटला की ती कण्हते, आणि बाबा म्हणतात, बाई कामावर आल्या.

पण गाल्बेची गोष्ट वेगळी होती. ज्या वाऱ्यासाठी कंपनीला तो डोंगर हवा होता, त्याच वाऱ्यामुळे तिथे बर्फ साचत नाही. इतर सगळीकडे जनावरांच्या पोटापर्यंत बर्फ असतो तेव्हा गाल्बेवर ती खुराने उकरून खालचं पांढरं दगडफूल खाऊ शकतात. हिवाळ्यात आमचं ताट तेवढंच. आणि फिरत्या पात्यांजवळ रेनडिअर फिरकत नाहीत, लांबूनच वळसा घालून जातात. म्हणजे डोंगर गेला तर कळप गेला, आणि कळप गेला तर माझं परत येणंही गेलं. मी तर राजीनामा देऊन बसले होते.

कंपनीचा इंजिनिअर हाल्वोर नावाचा तरुण होता. सभ्य मुलगा. आमच्या भाषेतले चार शब्द शिकून आला होता आणि येईल तिथे केक घेऊन यायचा, त्यामुळे त्याच्यावर चिडणं अवघड व्हायचं. मी प्रयत्नपूर्वक चिडले. त्याच्या अहवालात लिहिलं होतं, गाल्बेचा वापर नगण्य आहे, ड्रोनने पाहिलं तर तिथे फार थोडी जनावरं दिसली. मी गावच्या दुकानात, पावाच्या रांगेत सगळ्यांसमोर त्याला म्हटलं, तुझ्या ड्रोनला चष्मा लाव, माझ्या बापाचा कळप दिसत नाही म्हणजे काय. तो लाल झाला. पुन्हा पाहू, म्हणाला. मी म्हटलं, पाहा की, आणि खोटं लिहिणं थांबवा. दुकानातले लोक छताकडे बघत होते.

मार्चमध्ये सुनावणी लागली. ऊर्जा खात्याची एक बाई राजधानीहून येणार, गावच्या सभागृहात दोन दिवस बसणार, सगळ्यांचं ऐकणार. मला कळून चुकलं की झाडाच्या दोन्ही अंगांवर आता भागणार नाही. आकडा हवा. मोठा, खणखणीत, बाबांच्या तोंडून निघालेला. मी आठवडाभर आधी घरी आले आणि त्यांच्या मागे लागले.

बाबा स्वयंपाकघरात टेबलाशी बसून वाळवलेल्या मांसाचे पातळ तुकडे कापत होते आणि कॉफीत टाकत होते. मी बोलत राहिले. प्रथा काय डोंगरापेक्षा मोठी आहे का. आकडा सांगितल्याने जनावरं काय पळून जाणार आहेत. लोक काय म्हणतील त्याचं मी बघते. शेवटी त्यांनी सुरी पुसून ठेवली.

"आकडा एकदा बाहेर पडला की परत घेता येत नाही, पोरी."

मी म्हटलं, परत कशाला घ्यायचा, तेच तर हवंय.

"तुला ऐकायचाच आहे?"

"मला नाही, बाबा. त्यांना ऐकू दे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा जिंकल्याच्या तोऱ्यात होते, त्यामुळे त्या पाहण्यात काय होतं ते मला दिसलं नाही. बरं, म्हणाले. उठून त्यांनी पेटीतून लाल काठांचा निळा अंगरखा काढला आणि त्यावरच्या सुरकुत्या हाताने सारख्या करत बसले. तो अंगरखा त्यांनी आईच्या दफनानंतर घातला नव्हता.

सुनावणीच्या पहिल्या दिवशी सभागृह भरलं होतं, म्हणजे आमच्याकडे भरतं तेवढं. पाठीमागच्या टेबलावर कॉफी, चीज आणि हाल्वोरचा केक. सकाळभर इस्साटकाका बोलले. हे बाबांचे चुलतभाऊ, गाल्बेच्या पलीकडच्या खोऱ्यात त्यांची जनावरं चरतात, आणि बाबांशी त्यांचं अलीकडे बोलणं नव्हतं. त्यांनी कंपनीच्या कागदावर संमतीची सही आधीच केली होती. रस्ता होईल, नातवाला नोकरी लागेल, गावातली पोरं गावात राहतील, असं त्यांचं म्हणणं. तेही काही खोटं नव्हतं. पण शेवटी त्यांच्या पोटातलं ओठांवर आलंच. "आणि एकट्या बावलोसच्या कळपाने आख्खा डोंगर किती वर्षं अडवून धरायचा? आमची पोरंबाळं काय दगड खातील?" बावलोस म्हणजे माझे बाबा. काही लोकांनी माना हलवल्या. मला राग आला आणि बरंही वाटलं. शत्रू स्वतःच साक्ष देत होता की कळप मोठा आहे.

मग मी उठून सांगितलं की माझे वडील आज गाल्बेवरचा आकडा सांगणार आहेत.

सभागृहात जे झालं ते त्या राजधानीच्या बाईला कळलं नसेल. बायकांनी पिशव्या उचलल्या आणि कॉफीकडे निघाल्या. पुरुष खिडकीबाहेर बघू लागले, जणू बाहेर काही घडत होतं. इस्साटकाका, इतकं भांडूनसुद्धा, टोपी घालून दाराकडे चालू लागले. दुसऱ्याचा आकडा कानावर पडू नये म्हणून. मला तेव्हा त्यांचा सगळ्यांचा संताप आला होता. ह्यांना डोंगर नको, शिष्टाचार हवा.

बाबा पुढे जाऊन उभे राहिले. "बसा," ते म्हणाले. "ऐकू नये असं त्यात काही नाही."

बाईंनी नम्रपणे विचारलं, गाल्बेवर तुमची किती रेनडिअर आहेत?

"एकही नाही."

मला हसू आलं. खरंच आलं. मला वाटलं, शेवटच्या क्षणी म्हाताऱ्याने कच खाल्ली, झाडाऐवजी नवीन काहीतरी काढलं. बाईंनाही वाटलं असावं की भाषेचा घोळ झाला. त्यांनी पुन्हा विचारलं. बाबांनी ह्या वेळी बाईंच्या भाषेत, नॉर्वेजियनमध्ये, शाळेतल्या मुलासारखं एक एक शब्द सुटा करून सांगितलं. "गाल्बेवर माझं एकही जनावर नाही. कुठेच नाही. दोन हिवाळ्यांपूर्वी बर्फावर पाऊस पडला, त्यात गेली."

तो पाऊस सगळ्यांना आठवत होता. भर हिवाळ्यात, सूर्य उगवतच नाही अशा काळोखाच्या महिन्यात पाऊस पडला आणि मग थंडी आली. सगळ्या पठारावर बर्फाचा टणक थर बसला, खुराने फुटेना. त्या वर्षी प्रत्येकाची काही ना काही गेली होती. किती गेली हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं. मीही शहरातून फोन केला होता. बाबा म्हणाले होते, आहेत, झाडाच्या दोन्ही अंगांना आहेत थोडी. मी म्हणाले होते, तुमचं आपलं नेहमीचंच, आणि पेपर तपासायला बसले होते. पुढच्या उन्हाळ्यात माझा पाय मोडला म्हणून पिल्लांच्या खुणा करायला मी येऊ शकले नाही. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आले, तर बाबा म्हणाले, उशीर केलास, झालं सगळं. मी त्यांच्यावरच चिडले.

हे सगळं मला त्या खुर्चीवर बसल्या बसल्या एकदम कळलं. हातात पेन होतं, ते पडल्याचं मला आवाजावरून समजलं. ज्या माणसाला मी सगळ्यांसमोर खोटारडा म्हटलं होतं तो हाल्वोर समोर बसला होता. त्याचा ड्रोन बरोबर होता. तो हे ऐकून खूश होईल असं वाटून मी त्याच्याकडे पाहिलं, तर त्याने मान खाली घातली होती आणि समोरची फाइल बंद केली होती. बाबा अजून उभेच होते. बसायला कुणी सांगितलं नाही म्हणून उभे होते.

दारापाशी इस्साटकाका थांबले होते. त्यांनी टोपी काढली. 

"मी तुझ्यावर जळत होतो, बावलोस," ते म्हणाले. "दोन वर्षं. त्या जळण्यापायी सही केली मी. आणि तिथे काही नव्हतंच?"

बाबा म्हणाले, "तू कधी वर आलाच नाहीस."

"दुसऱ्याच्या कळपाकडे बघत उभं राहायचं असतं का?"

"नसतं," बाबा म्हणाले.

इस्साटकाका बाहेर निघून गेले. आमच्यात ज्याचा कळप बुडतो त्याला बाकीचे एक एक जनावर देतात, पुन्हा उभा राहावा म्हणून. आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं आहे. पण बुडाला हे कळलं तर देणार. विचारायचं नाही हीही रीत, न विचारता सांगणं म्हणजे मागणं हीही रीत. ह्या दोन चांगल्या रीतींच्या मधल्या फटीत माझा बाप दोन वर्षं एकटा पडला होता, आणि गाव त्याच्या श्रीमंतीचा हेवा करत होतं. बाईंनी सुनावणी दुसऱ्या दिवसावर ढकलली.

गाडीत मी बराच वेळ किल्ली फिरवलीच नाही. काचा आमच्या श्वासाने पांढऱ्या झाल्या.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस."

"शंभरदा विचारलं, बाबा. तुम्हीच झाडाची गोष्ट सांगत बसलात."

"तू किती आहेत असं विचारायचीस," ते म्हणाले. "आहेत का, असं नाही विचारलंस कधी."

रडायला आलं असतं तर बरं झालं असतं, पण आलं नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. राजीनामा, पहिला दात, ती पाडी. मी विचारलं, म्हणजे माझीही गेली. बाबांनी काचेवर बोटाने एक छोटं भोक पुसलं आणि त्यातून बाहेर बघत म्हणाले, उजेड आहे तोवर वर जाऊन येऊ.

आम्ही एकाच स्नोस्कूटरवर गेलो. मी चालवत होते, बाबा मागे. अंगरखा त्यांनी बदलला नाही, त्यावरच जाड कोट घातला. गाल्बेच्या कुशीत त्यांचं खोपटं आहे. आम्ही पोचलो तेव्हा बाई कामावर होत्या, पवनचक्की कण्हत होती. खोपटामागे एक जुनं लाकडी कुंपण आहे, कळपातली जनावरं वेगळी काढायचं. पण आज कुंपणाच्या आत पेंडीच्या रिकाम्या गोण्यांचा ढीग पडला होता, बर्फाने अर्धा झाकलेला.

बाबांनी एक भरलेली गोणी हलवली. आतल्या गोळ्या खडखडल्या. माथ्यामागून रेनडिअर आली, आधी एक मादी, मग बाकीची, सावकाश, आमच्याकडे तिरक्या माना करून. थोडी. ड्रोनने पाहिली होती तेवढीच. पहिल्या मादीच्या गळ्यात बाबांच्या पांढऱ्या नर रेनडिअरची घंटा होती. तो नर आयुष्यभर कळपाच्या पुढे चालायचा. घंटा दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मी कधी पाहिली नव्हती.

ती जवळ आली आणि मी सवयीने तिच्या कानांकडे पाहिलं. डाव्याचं टोक उडवलेलं, उजव्याला मागून दोन खाचा.

मला बरं वाटलं, एक तरी वाचली. मग दुसरीचे कान पाहिले. मग तिसरीचे. मी त्यांच्यातून चालत गेले, कानामागून कान बघत. एक तरी बाबांच्या खुणेचा कान सापडावा म्हणून शोधत होते. सगळी जनावरं माझी होती. सगळीच्या सगळी. मी बाबांकडे वळले.

"पेंड सगळ्यांना पुरणार नव्हती," ते म्हणाले. "मिळाली तेवढी आणली. दुसऱ्याचं राखायला घेतलेलं आधी जगवायचं असतं. हे तुला कुणी शिकवलं नाही का?"

"मी दुसरी आहे का, बाबा?"

"खूण तुझी आहे."

मी विचारलं, आणि तुमची?

त्यांनी कुंपणाकडे हात केला. "बाहेर उभी राहायची. आत पेंड पडली की रोज यायची आणि फळ्यांना नाक लावून उभी राहायची. घंटावाला सगळ्यात शेवटी गेला." मग म्हणाले, "मी आत बघत राहायचो. पाठ करून बसायचो त्यांच्याकडे."

मी माझ्या बापाला इतकी वर्षं हिशोब न समजणारा माणूस समजत होते. असा हिशोब त्याने रोज सकाळी केला होता, हातात बादली घेऊन, आणि मी त्या वेळी शहरात पोरांना भागाकार शिकवत होते. मी त्या कुंपणाला धरून उभी राहिले. वरच्या फळीची कड झिजून गुळगुळीत झाली होती. कशाने झिजली ते मला विचारायचं नव्हतं.

मग मी जनावरं मोजली. सवय जात नाही. मोजताना ओठ हलू दिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सभागृहात कालच्याइतकीच माणसं होती, पण कुजबुज नव्हती. बाईंनी कालचा जबाब वाचून दाखवला, गाल्बेवर हिवाळी चराई करणारा कळप सध्या नाही, आणि कुणाला ह्यात भर घालायची आहे का असं विचारलं. मी उभी राहिले. आधी हाल्वोरकडे वळून म्हटलं, दुकानात मी तुला खोटारडा म्हणाले, ते मी परत घेते, तू पाहिलंस तेच लिहिलंस. त्याने नुसती मान हलवली. मग मी बाईंना सांगितलं, तुम्ही काल माझ्या वडिलांना त्यांची जनावरं किती ते विचारलंत. त्यांनी खरं सांगितलं. गाल्बेवर कळप आहे. तो माझा आहे.

बाईंनी चष्मा वर केला. "किती?"

आकडा माझ्या जिभेवर होता. काल मी तो दोनदा पडताळून पाहिला होता. मी तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की सगळं सभागृह खिडकीबाहेर बघतंय. बायकांनी पिशव्या उचलल्या होत्या. इस्साटकाका छताकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा ह्या लोकांनी माझ्यासाठी नजर वळवली होती. काल ह्याच गोष्टीचा मला संताप आला होता. आज मी तो आकडा गिळला.

"झाडाच्या दोन्ही अंगांना आहेत थोडी," मी म्हटलं.

मग हाल्वोर, बिचारा, त्याने त्या डोंगराचा इंच न् इंच मापला होता, हळूच म्हणाला, "पण गाल्बेवर एकही झाड नाही."

पहिले हसले ते इस्साटकाका. मग सगळेच. बाबा हसले नाहीत, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ह्या वेळी त्या पाहण्यात काय होतं ते मला दिसलं. बाई म्हणाल्या, असं कागदावर लिहिता येणार नाही. मी म्हटलं, मग एवढंच लिहा की कळप आहे आणि तो वाढायचा आहे, आणि ज्या डोंगरावर तो वाढणार तो डोंगर वापरात आहे. वाऱ्याला नाही म्हणत नाही. पठार मोठं आहे, जिथे बर्फ साचतो तिथेही वारा असतो, थोडा कमी. त्यांनी लिहून घेतलं. इस्साटकाकांनी उठून सांगितलं की त्यांची सही त्यांना परत हवी आहे, आणि कारण विचारू नये.

निकाल अजून लागलेला नाही. लागेल तेव्हा कुणाच्या बाजूने लागेल ते मला माहीत नाही, आणि अंदाजे मी काही सांगत नाही.

सुनावणीनंतर काही दिवसांनी इस्साटकाका खोपटावर आले. स्कूटरच्या मागे घसरगाडी होती आणि तिच्यावर दोराने बांधलेली एक पाडी, गेल्या उन्हाळ्यात नजरेतून सुटलेली, कान अजून कोरे. ही सारखी गाल्बेकडे तोंड करून उभी राहते, काका म्हणाले, मला कटकट झाली आहे, तुमच्यात ठेवा. कॉफी न घेताच निघाले. आमचे काका कॉफी न घेता कुठून निघाल्याचं कुणी पाहिलेलं नाही.

मी पाडीचं डोकं गुडघ्यांत धरलं. बाबांनी पट्ट्यातली सुरी काढली, तिचा डावा कान हातात घेतला आणि थांबले. वर न बघता विचारलं, कुणाची खूण?

"तुमची," मी म्हटलं.

त्यांनी तो कान सोडून उजवा धरला, त्यांची खूण उजव्यालाच असते, आणि एका झटक्यात कापली. पाडी उठली, डोकं झाडलं आणि माझ्या जनावरांत जाऊन मिसळली. बाबा सुरी बर्फात पुसत तिच्याकडे बघत उभे राहिले. आता कुणी विचारलं तर त्यांना उत्तर द्यायला काहीतरी होतं. एकच जनावर झाडाच्या दोन्ही अंगांना कसं असेल, हा प्रश्न गणिताच्या बाईला पडायला हवा होता. मला तो पडला नाही.